सुटीच्या दिवशी बॅटरी

एक्केचाळीस वर्षं मी लोकांचे पाय पाहिले.
बूट, टाचा, ओल्या छत्र्यांची टोकं,
कुणाच्या पँटच्या दुमडीतून सुटलेला दोरा.
ब्युनोस आयरेसला, कोरिएन्तेसवरच्या थिएटरात
बॅटरी घेऊन जागा दाखवणारा तो मी.
तिकिटाचा अर्धा तुकडा तुमचा, अर्धा माझा.
"रांग बारावी. आत सरका. सांभाळा, पायरी आहे."
हे वाक्य मी कुठल्याही नटापेक्षा जास्त वेळा म्हटलंय,
आणि एकदाही अडखळलो नाही.

नाटकाची पहिली सात मिनिटं मला पाठ.
मग उशिरा येणारे येतात,
मग कुणाचा तरी हातमोजा हरवतो,
मग मागच्या दाराशी अर्धी सिगारेट.
शेवट मी बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडावरून ताडतो.
डोळे पुसत गाडीची किल्ली शोधणारी बाई:
बाप मेला असणार.
गप्प गप्प जोडपं:
दोघंही जिवंत राहिले असणार, आणि एकत्र.

सोमवारी आमचं बंद.
सोमवारी मी कोट चढवतो, बॅटरी खिशात टाकतो
(सवय; किल्लीशिवाय कुणी घर सोडतं का?)
आणि दुसऱ्यांच्या अंधारात जातो.

कधी बाराकासला, बिस्किटांच्या बंद कारखान्यात.
तिथे आता चित्रं टांगतात,
पण भिंतीतला व्हॅनिलाचा वास काही जात नाही.
एका थोरल्या निळ्या चित्राखाली
पहारेकरीण निल्दा स्वेटर विणत बसते.
म्हणते, पहिला महिना मला हे कळलं नाही,
दुसऱ्या महिन्यात ह्याचा रागच आला,
आणि आता शुक्रवारी उतरवणार म्हणतात.
मग मी बघू कशाकडे, बाई?
मला ती बाईच म्हणते. तिची नजर विणीवर असते.

कधी व्हिशा क्रेस्पोतल्या क्लबात,
जिथे बास्केटबॉलच्या रिंगखाली बँडोनियन बसतो
आणि सत्तरीतली माणसं
पांढऱ्या रेषेवर अलगद वळतात.
मला नाचता येत नाही. मी खुर्च्या मोजतो.

परवाच्या सोमवारी अल्माग्रोत, रेमिहिओच्या गॅरेजात.
बावीस खुर्च्या, एकीचं दुसरीशी नातं नाही.
तिकीट तोच फाडतो, वाइन तोच ओततो,
आणि नाटकातला मेलेला नवराही तोच,
म्हणून पडद्यामागे खोकला दाबत उभा.
सुलेमा नवऱ्याचे बूट विकायला काढते.
जमिनीवर ऑइलचा डाग, त्याभोवती नऊ जोड.
जुलैची थंडी, तीन हीटर, एक म्हातारी वायर.
फट्.

कुणीतरी हसलं. कुणीतरी "अरेरे" म्हणालं.
माझा हात माझ्याआधी खिशात गेला.

प्रकाश पडला तो जिथे जन्मभर पडत आलाय तिथेच,
जमिनीवर. तिच्या पावलांवर.
ती थांबली. वाट पाहत होती
की झोत आता वर येईल, गुडघे, हात, चेहरा.
मला माहीत होतं. मनगट वळेना.
कुणाच्या तोंडावर बॅटरी मारू नये,
पहिल्या दिवशी शिकवलं होतं मला, दम देऊन.

मग तिने सपाता सरकवल्या,
नवऱ्याच्या तपकिरी बुटांत पाय घातले,
आणि उरलेलं नाटक पायांनी केलं.
ते बूट चालले, अडले, दाराशी गेले,
एकदा चवड्यांवर उंच झाले, जणू कपाटावरून काही काढायला;
आवाज वरून, अंधारातून येत राहिला.
शेवट सांगत नाही. पाहिला मी, पूर्ण,
एवढंच सांगतो.
आणि डाव्या बुटाची नाडी सुटली होती.
ती नाटकात होती की नव्हती
हे सुलेमालाही ठाऊक नाही, मी विचारलं.

वीज आलीच नाही.
मी दाराशी उभा राहिलो, झोत खाली,
एकेकाला बाहेर सोडत.
"सांभाळा, पायरी आहे."

गॅरेजला पायरी कुठली.
सगळ्यांनी पाय उचलला.